पथ्यावरची माती

बाई माती हुंगायच्या. सकाळची वेळ, लोक पार्किंगमधून गाड्या काढतायत, कुणी पोराला शाळेच्या बसपाशी ओढत नेतंय, आणि ह्या आपल्या सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात छोट्या पाटावर बसून, मूठभर माती नाकाशी धरून डोळे मिटलेल्या. तपकीर ओढावी तसा एक लांब श्वास. मग डोळे उघडायचे, माती जिथून उचलली तिथंच परत ठेवायची, वर चार वाळकी पानं पांघरायची आणि कुणी विचारलेलं नसताना मोठ्यानं जाहीर करायचं, "अजून पेजेवरच आहे. वरण-भात पचायचा नाही."

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सूनबाईला सांगितलं, तळमजल्यावरच्या बाईंचं डोकं फिरलंय, पोरांना तिकडं जाऊ देत जाऊ नको. सूनबाई म्हणाली, "बाबा, त्या तुमच्याबद्दल हेच विचारत होत्या."

मी गवंडी माणूस. चौथीनंतर मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. बीडकडनं पुण्यात आलो आणि थापी धरली ती गुडघे बोलायला लागेपर्यंत. कात्रजपासून मांजरीपर्यंत किती इमारतींना माझा हात लागलाय ते मी मोजत बसलेलो नाही, पण रस्त्यानं जाताना शेजारच्याला दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. ज्या सोसायटीत आता मुलाकडं राहतो तिचं प्लास्टर दुसऱ्या कुणी केलंय आणि ते मला पहिल्या दिवसापासून आवडलेलं नाही. सांगायचं इतकंच, की जमिनीतलं मला कळतं. बाई करत होत्या ते बरोबर की चूक हे ठरवायचा हक्क मला आहे असं मला तेव्हा वाटत होतं. अजूनही वाटतं.

बाई मूळच्या नारायण पेठेतल्या. जन्म तिथला, आणि नोकरी जवळच्याच एका मोठ्या दवाखान्यात. तिथल्या स्वयंपाकघराच्या त्या मुख्य होत्या. कुठल्या पेशंटला काय खायला द्यायचं, कधी द्यायचं आणि नातेवाइकांनी डब्यातून चोरून आणलेली बासुंदी कशी पकडायची, हे सगळं त्यांच्याकडं. डॉक्टरसुद्धा आपल्याला वचकून असायचे, असं त्या सांगायच्या आणि मला ते खोटं वाटत नाही. पुढं जिना चढवेना म्हणून भाचीनं त्यांना मांजरीत आमच्या सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट बघून दिला. अंगानं त्या मांजरीत आल्या. मनानं नाही. नारायण पेठेत कुणाकडं जायचं झालं की वॉचमनला सांगायच्या, "मी जरा पुण्याला जाऊन येते."

आता तो पट्टा. इमारतीच्या मागं, कंपाऊंडची भिंत आणि पार्किंग यांच्या मधोमध एक लांबट जागा बिल्डरनं तशीच टाकलेली. नकाशात तिथं बगीचा होता. जमिनीत फुटक्या टाइल्स, गिलाव्याचे गोळे, रंगाचे डबे आणि वरून मुरूम. काम संपलं की उरलंसुरलं मागं लोटतात आणि रोलर फिरवतात, ती पद्धतच आहे. एका माळ्यानं तिथं हिरवळीच्या गाद्या आणून अंथरल्या होत्या. त्यातल्या निम्म्या भागात त्या वाळून चटई झाल्या, निम्म्या भागात चटईसुद्धा उरली नाही.

आमचे सेक्रेटरी कॉम्प्युटरवाले. चाळिशीचा माणूस, मनानं वाईट नाही, पण घरात दोन गाड्या आणि खाली जागा एकीचीच. वार्षिक सभेत त्यांनी मांडलं, "ती डेड स्पेस आहे. पेव्हर ब्लॉक टाकू, एक्स्ट्रा पार्किंग होईल. सगळ्यांचाच फायदा."

बाई मागच्या खुर्चीतून उठल्या. "डेड कुणी ठरवलं? तपासलंत?"

"मॅडम, तिथे काही उगवतच नाही."

"पेशंट जेवत नाही म्हणून त्याला थेट वैकुंठात नेता का? मला द्या ती जागा. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत. तोवर तिथं काही उगवलं नाही, तर खुशाल झाकून टाका."

"ओके. तुम्ही काय लावणार आहात?"

"काही नाही."

"काही नाही?"

"आजारी माणसाच्या डोक्यावर कुणी पोतं देत नाही. आधी त्याला बरं करतात."

लोक हसले. मीही हसलो. तरी ठराव झाला, कारण पुण्यात म्हातारीशी वाद घालण्यापेक्षा ठराव करणं सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतनं बघतो तर बाई हातात उलथनं घेऊन मुरूम खरवडतायत. उलथनं! मला ते बघवेना. खाली गेलो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "अहो मिस्त्री, वरून बघायला पैसे पडत नाहीत म्हणून किती वेळ बघाल? टिकाव असेल तर आणा."

मी म्हणलं, "टिकाव हाय. पण ही जमीन न्हाई बाई, हा राडारोडा हाय. हितं गवतसुदिक रुसलंय."

"मग रुसवा काढू. आणा."

टिकाव आणला आणि तिथंच अडकलो. चटईसुद्धा न उरलेला अर्धा भाग बाईंनी आधी घेतला, कारण तो जास्त आजारी. फुटके तुकडे मी वेचायचे, त्या चाळायच्या. जमीन उलटीपालटी करायची नाही, नुसती सैल करायची, असा त्यांचा हुकूम. "आतड्यांची जागा बदलत नाहीत," म्हणायच्या. मग सुरू झालं पथ्य. पहिल्यांदा पेज. म्हणजे तांदळाचं धुवण, आणि आंबलेलं ताक बरंचसं पाणी घालून. ताकासाठी त्या घरोघर जायच्या. बेल वाजवून विचारायच्या, "ताक आंबलंय का? टाकू नका. अजून आंबू द्या आणि मला द्या." नव्या लग्नाच्या एका मुलीनं बिचारीनं ताजं ताक दिलं तर तिला परत पाठवलं, "हे तुम्ही प्या. अशक्त दिसता."

पेजेनंतर मऊ भात. म्हणजे पालापाचोळा आणि उसाची चिपाडं. मांजरीकडं ऊस अजून आहे, आणि जिथं ऊस आहे तिथं रसवंती आहे. रसवंतीवाला चिपाडं कुठंतरी नेऊन जाळायचा. बाईंनी त्याला असं काही झापलं की तो स्वतः पोती भरून गेटपाशी टाकायला लागला. चहावाल्याकडनं चहाचा चोथा यायचा, तो बाई दोनदा धुवायच्या. मी विचारलं, चोथ्याला आंघोळ कशाला? म्हणाल्या, "साखर आहे त्यात. तसाच घातला तर मुंग्यांचं कार्यालय सुरू होईल."

माझे त्यांचे वाद रोजचे. मी शेतकऱ्याचा पोर, गावाकडं राख टाकतात हे मला माहीत. एकदा मी सणाला गावी जाऊन येताना चुलीतल्या राखेची पिशवीच घेऊन आलो. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं. "मिस्त्री, या जमिनीत काय मिसळलंय? सिमेंट. सिमेंटमध्ये काय असतं?"

"चुना."

"चुन्यावर राख घालणार? आधीच ॲसिडिटीच्या उलटं दुखणं आहे तिला. राख भांड्यांना वापरा."

मी चिडून म्हणलं, "मंग एक मूठ युरिया टाका. आठ दिसांत हिरवंगार करून दावतो."

"सलाइनवर माणूस ताजातवाना दिसतोच. काढली की?"

मी आठवडाभर खाली गेलो नाही. आठवड्यानं गेलो, कारण त्यांनी चिपाडं भिंतीला टेकवून रचली होती आणि त्यानं भिंतीला ओल धरली असती. भिंतीचा काही दोष नव्हता.

कचऱ्याच्या बादलीला त्यांनी पाटी लावली होती: "फक्त कच्चा भाजीपाला. उरलेली बिर्याणी ज्याची त्यानं संपवावी." आणि भिंतीच्या सावलीत एक निळा ड्रम होता. त्यात शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ, पाणी आणि कॅनॉलच्या कडेच्या जुन्या वडाखालची मूठभर माती. हे त्यांचं टॉनिक. शेतकरी त्याला जीवामृत म्हणतात. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, वर गोणपाट झाकायचं, आणि आठवड्याच्या आत दहापट पाण्यात घालून संपवायचं. त्यावर पाटी: "झाकण लावू नये. आत जीव आहे."

एक दिवस ग्रूपवर वासाची तक्रार आली. सेक्रेटरी खाली उतरले, गोणपाट बाजूला केलं, ड्रमचं प्लास्टिकचं झाकण शोधून काढून त्याची कडी पक्की आवळली आणि गेले. उन्हाळ्याचे दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी धाडकन आवाज झाला. मला वाटलं सिलिंडर गेला. खाली येऊन बघतो तर झाकण उडून सेक्रेटरींच्या नव्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर, आणि गाडीला समोरून शेणाचा सडा. सेक्रेटरी धावत आले. "मॅडम, हे एक्स्प्लोझिव्ह आहे!"

"श्वास कोंडला की कुणीही आदळआपट करतं," बाई म्हणाल्या. "पाटी मराठीत होती. पुढच्या वेळी इंग्रजीत लावीन."

गाडी मात्र त्यांनी स्वतः उभं राहून मला धुवायला लावली, आणि ते पाणी वाया जाऊ नये म्हणून बादली खाली धरली.

आता बाई कात्रजला असतात. भाचीनं तिकडं घर घेतलं, यांना सोबत नेलं. परवा फोन आला होता. तिथंही सोसायटीच्या मागं असाच एक पट्टा त्यांना सापडलाय म्हणे. "मिस्त्री, इथला पेशंट जास्त सिरियस आहे," म्हणाल्या. आवाज इतका आनंदी की विचारू नका.

तर त्या वर्षीचा पावसाळा सांगत होतो. सभा भाद्रपदाच्या तोंडावर होणार होती, आणि आषाढ आला तरी आमच्या पट्ट्यात नुसतीच चिपाडं आणि पानं. हिरवं म्हणून काही नाही. मला झोप येईना. सेक्रेटरींनी ब्लॉकवाल्याशी बोलून ठेवलं होतं. ते येता-जाता विचारायचे, "काका, मॅडमना सांगा, निदान चार कुंड्या तरी ठेवा." टोमणा होता, पण काळजीही होती. मी बाईंना म्हणलं, आता तरी काही लावा. दोन वांगी लावा, चार मिरच्या लावा, लोकांच्या डोळ्याला दिसंल असं काही.

त्या दिवशी त्यांनी माती हुंगली, जरा जास्त वेळ हुंगली आणि म्हणाल्या, "हं. आता घास चावू शकेल." आणि मांजरीतल्या एका उसवाल्या शेतकऱ्याकडून तागाचं बी घेऊन आल्या.

ताग म्हणजे दोराचा ताग. शेतकरी ऊस लावायच्या आधी तो पेरतात. मला माहीत होतं, पण माझ्या तोंडून त्यांना ते ऐकायचं नव्हतं. बी पडलं, पाऊस झाला आणि तो ताग असा आला, असा आला, की मी स्वतः सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायचो. आधी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला. वाऱ्यानं सगळा पट्टा एकदम एका अंगाला झुकायचा. लोक जिन्यात थांबून बघायला लागले. ग्रूपवर फोटो, हात जोडलेले, अंगठे. शाळेतली पोरं आत शिरून लपाछपी खेळायची. मी येईल त्याला सांगायचो, "हे आमचं रान." एका रविवारी सेक्रेटरींनी बायको-पोरांना तिथं उभं करून फोटो काढला तेव्हा मी मनात म्हणलं, जिंकलो. आता कुणाची हिंमत आहे ह्याच्यावर ब्लॉक टाकायची?

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी मी खाली गेलो तर बाई विळा घेऊन बसलेल्या, आणि पट्ट्याचा एक कोपरा आडवा.

"बाई! काय करताय!"

"कापतेय."

"का?"

"कळ्या आल्यात." त्यांनी एक शेंडा माझ्यापुढं धरला. पिवळी कळी, एक फूल अर्धवट उघडलेलं. "फुलावर आला की त्याला जमिनीत निजवायचं. कोवळा आहे तोवर ती खाते. चार दिवस थांबलं की दांडा लाकूड होतो, आणि जे हिच्यासाठी साठवलंय ते तो बियांत घालून बसतो."

"अवो पण उद्या सभा हाय! एक दिवस! एक दिवस थांबा!"

"उद्या दुपारी सभा, परवा माझे गुडघे. शिवाय पावसाची उघडीप आज आहे. पेशंटला जेवण त्याच्या वेळेवर लागतं मिस्त्री, कमिटीच्या नाही."

"अवो, पट्टाच गेला तर जेवणार कोण?"

त्यांनी हातातला शेंडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी त्यांना दाखवायला पेरला नव्हता. तिच्यासाठी पेरला होता. दाखवायला ठेवला तर मी तिच्या तोंडचा घास काढून लोकांना शो केला असं होईल. ते मी दवाखान्यात केलं नाही."

मी त्यांना नको नको ते बोललो. तुमच्यासारखी हट्टी बाई बघितली नाही म्हणलं. वर्षभर राबलो ते वाया घालवलं म्हणलं. मी याला हात लावणार न्हाई म्हणलं आणि निघालो. पण दहा पावलं गेल्यावर मागं बघितलं, तर त्या विळा अशा काही धरत होत्या की बोटं तुटली असती. परत आलो आणि विळा काढून घेतला. शिव्या देत देत सगळा ताग मी कापला. त्या पाटावर बसून सांगत होत्या, "बारीक तुकडे. अजून बारीक. तिला दात नाहीत." संध्याकाळपर्यंत रान गेलं. हिरव्या काड्यांचा एक सपाट बिछाना राहिला आणि त्याच्यावर बाईंनी चिपाडं पांघरली.

घरी गेलो तर सूनबाईनं ताट वाढलं. मी जेवलो नाही.

सभा पार्किंगमध्येच भरली, मागच्या बाजूला, खुर्च्या मांडून. गेटपाशी ब्लॉकचा ढीग सकाळीच येऊन पडला होता. सेक्रेटरींनी घाई केली म्हणायचं, पण त्यांनाही पट्ट्यावर काही दिसत नव्हतं. ते उठले. "मॅडम, रिस्पेक्ट आहे तुमच्याबद्दल. कालपर्यंत मीसुद्धा इम्प्रेस झालो होतो. पण ठराव असा होता की काही उगवलं पाहिजे. आज तिथे काय आहे?"

"उगवलं होतं. आडवं केलं."

"तेच म्हणतोय मी. आज काही नाही."

कुजबुज सुरू झाली. काल-परवा अंगठे दाखवणारे लोक आता घड्याळ बघत होते.  मला वाटलं बाई एखादा टोला देतील.  पण त्या हातातल्या रुमालाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं की ह्या बाईकडं या पट्ट्याशिवाय दुसरं काही नाही. नारायण पेठ सुटलेली, दवाखाना सुटलेला. इथं मांजरीत त्यांना सकाळी उठायला हेच एक कारण होतं.

सेक्रेटरी माझ्याकडं वळले. "काका, तुम्ही या लाइनमधले. तुम्हीच सांगा. ब्लॉक बसतील ना इथे? उद्या काम सुरू करता येईल?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी बाईंकडं बघितलं. त्या कोरडेपणानं म्हणाल्या, "खोटं सांगू नका, मिस्त्री. बसत असतील तर बसतात म्हणा."

हे ऐकून मला इतका राग आला की मी थेट वॉचमनच्या खोलीतली पहार घेऊन आलो. ब्लॉक टाकायचे तर आधी जमीन तपासतात. खाली पक्की लागते. आधी मी पलीकडच्या अर्ध्या भागात गेलो, जिथं माळ्याची वाळकी हिरवळ होती. तोच बिल्डर, तोच मुरूम, तोच पाऊस. पहार उचलून घातली. खण्ण. चार बोटं गेली आणि मनगटाला झिणझिण्या. "हितं बसतील," मी म्हणलं. "हितं विमान उतरलं तरी चालंल."

मग बाईंच्या पट्ट्यात आलो. चिपाडं पायानं बाजूला केली. तेवढ्याच जोरानं पहार घातली.

आवाजच आला नाही. पहार गेली. जात राहिली. मी अंगाचा भार टाकलेला, तो आवरेना, आणि मी पहारीसकट गुडघ्यावर आलो. मूठ जमिनीला टेकली तेव्हा थांबली. लोक हसले, कुणीतरी धावलं. पण मी हसत नव्हतो. आयुष्यभर जमिनीत पहार घातली. रोलर फिरवलेल्या राडारोड्यात ती अशी लोण्यात गेल्यासारखी गेलेली मी कधी बघितली नव्हती आणि गेल्याचं ऐकलंही नव्हतं.

उठलो, गुडघे झटकले आणि मोठ्यानं सांगितलं, "हितं ब्लॉक बसत न्हाईत. आज टाकाल तर पुढच्या पावसाळ्याला गाड्या रुततील. टाकायचेच असले तर ही सगळी माती उचलून फेका आणि पुन्हा राडारोडा आणून भरा. माती फेकून राडारोडा भरायचा असला तर दुसरा गवंडी बघा."

तिसऱ्या मजल्यावरच्या एक ताई होत्या. त्यांची स्कूटर दर पावसाळ्यात पार्किंगच्या पाण्यात उभी असायची. त्या म्हणाल्या, "काका, पाणी टाकून बघा ना दोन्हीकडे."

वॉचमननं पाइप आणला. आधी वाळक्या हिरवळीवर सोडला. पाणी तिथं क्षणभर थबकलं आणि ओघळ धरून सरळ पार्किंगमध्ये, खुर्च्यांखाली. बायकांनी साड्या उचलल्या, पुरुषांनी पाय. मग पाइप बाईंच्या पट्ट्यावर धरला. धरला आणि धरूनच ठेवला. लोक ओघळाची वाट बघत पुढं सरकले. ओघळ येईना. डबकं होईना. पाणी पडत होतं आणि दिसेनासं होत होतं. सेक्रेटरी वाकून बघत होते. "काका, पाणी गेलं कुठे?"

उत्तर बाईंनी दिलं. "प्यायली."

आणि मग त्या उठल्या. चिपाडं सारून त्यांनी ओंजळ भरून माती वर काढली. ती काळी झाली होती. बाजरीच्या जाड्याभरड्या पिठासारखी मोकळी, आणि तिच्यातनं दोन गांडुळं वळवळत बाहेर आली. "ही मी विकत आणलेली नाहीत," बाई म्हणाल्या. "जेवण नीट असलं की पाहुणे न बोलावता येतात." आणि ओंजळ त्यांनी सेक्रेटरींच्या नाकासमोर नेली. ते मागं सरले. "घ्या, घ्या. ड्रममधलं नाही हे."

सेक्रेटरींनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. "सिंहगडाच्या पायवाटेवर येतो तसा वास आहे," ते हळूच म्हणाले.

"मग? आता सांगा, डेड आहे का?"

पट्टा बाईंकडंच राहू द्यायचा का, यावर मत घेतलं. हात इतके वर आले की मोजायची गरज पडली नाही. सेक्रेटरींनीही अर्धा हात वर धरला, चौकात पोलिसानं अडवल्यावर धरतात तसा. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी तर टाळ्याच वाजवल्या. बाईंनी ओंजळीतली माती गांडुळांसकट जागेवर ठेवली, पांघरूण घातलं, रुमालानं हात पुसले आणि म्हणाल्या, "आवाज कमी करा. जेवून झोपलीय."

गेटपाशी ब्लॉकचा ढीग पडून होता. ब्लॉकवाला परत नेईना. मी म्हणलं, राहू द्या. दोरी लावून पट्ट्याच्या कडेनं एकेक ब्लॉक उभा रोवत गेलो, की कुठल्या गाडीचं चाक आत येऊ नये. मी सिमेंट कालवायला घमेलं घेतलं तर बाईंनी घमेल्यावर पाय ठेवला. "पुन्हा चुना? मिस्त्री, आत्ता कुठं बरी झालीय ती." सिमेंटशिवाय गवंड्यानं काय करायचं यावर आमचं भांडण झालं, ते सगळ्या इमारतीनं ऐकलं. शेवटी नुसत्या मातीत ठोकून बसवले. एकही ब्लॉक वाकडा नाही. एकही हलत नाही. येऊन बघा.

मग बाईंनी लागवड केली. वांगी, मिरची, अंबाडी, कोपऱ्यात तांबडा भोपळा. भोपळ्याला काय झालं देव जाणे. पानं परातीएवढी. त्यानं आधी भिंत घेतली, मग वांग्यांवरनं गेला आणि एक वेल माझ्या ब्लॉकची रांग ओलांडून खाली पार्किंगमध्ये उतरला, नेमका सेक्रेटरींच्या गाडीच्या जागेत. मी रोज सकाळी बघायचो. वेलाचा शेंडा अजून थोडा पुढं, चाकाच्या अजून थोडा जवळ. वळवून घ्यायचं म्हणलं, तर बाई म्हणाल्या, "मला बघायचंय, काय करतात ते."

एका संध्याकाळी सेक्रेटरी ऑफिसातून आले. मी आणि बाई पट्ट्यातच होतो, वांग्यांमागं, त्यांना दिसत नव्हतो. गाडी आत आली, दिवे वेलावर पडले आणि गाडी थांबली. मागं गेली. पुन्हा पुढं आली, पुन्हा थांबली. मग ते उतरले, वेलाचा शेंडा दोन बोटांनी उचलून बघितला, होता तसा परत ठेवला, गाडीत बसले आणि दोन-चार खेपा मागंपुढं करून गाडी तिरकी लावली, चाक वेलापासून वीतभर लांब. दार पुरतं उघडेना, तर पोट आत ओढून बाहेर निघाले आणि लिफ्टकडं गेले.

बाई वांग्याच्या झाडाला धरून उठल्या.

"चला," म्हणाल्या, "गाडी लावायला शिकले."